घरच्या शेडमध्ये आटे पाडणे: टॅप हातात घेण्याआधीचं काम

शेडवाला (धागाकर्ता), इंदिरानगर

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस निवृत्त झाला की घरामागच्या जागेत बेंच ड्रिल आणि वाइस मांडतो, आणि जमलं तर एखादा छोटा लेथही. अशा शेडमध्ये सगळ्यात जास्त नासधूस होते ती आटे पाडताना. टॅप, म्हणजे भोकात आटे कापणारं हत्यार, तुटतो, नाहीतर तिरका जातो. कधी आटे पडतात, पण बोल्ट दोनदा कसला की बाहेर निघून येतात. मग चर्चा सुरू होते टॅप कोणत्या कंपनीचा घ्यावा याची. माझं मत वेगळं आहे. भोक किती मापाचं पाडलं, किती सरळ पाडलं आणि त्याचं तोंड मोकळं केलं का, यावरच बहुतेक निकाल लागलेला असतो. टॅप फक्त तो निकाल वाचून दाखवतो.

आधी माप. मेट्रिक आट्यांसाठी सोपा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: बाहेरचा व्यास वजा पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर). एम६ ला, म्हणजे ६ मिमीच्या आट्याला, पिच १, म्हणून ५.० चं ड्रिल. एम८ ला पिच १.२५, म्हणून ६.८. एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२, आणि छोट्यांत एम५ ला ४.२, एम४ ला ३.३, एम३ ला २.५. या हिशेबाने आट्याची उंची साधारण ७७ टक्के मिळते. टक्केवारी स्वतः काढायची असेल तर व्यासातून ड्रिलचं माप वजा करा, पिचने भागा आणि ७७ ने गुणा.

खरा प्रश्न यापुढे आहे. ७७ टक्के हवेतच का? वर्कशॉपमधला जुना ठोकताळा असा, की १०० टक्के उंचीचा आटा ७५ टक्केवाल्यापेक्षा जेमतेम ५ टक्के जास्त ताकद देतो, पण टॅप फिरवायला जवळजवळ तिप्पट जोर मागतो. म्हणजे भोक लहान ठेवून मिळवायचं थोडं आणि गमवायचा टॅप. हाताने टॅप मारताना एम६ ला मी ५.१ चं ड्रिल घेतो. ६९ टक्के आटा मिळतो आणि हाताला फरक लगेच कळतो. ६एच या नेहमीच्या बसवणुकीत एम६ च्या आतल्या व्यासाची मर्यादा ४.९१७ ते ५.१५३ आहे, तेव्हा ५.१ अगदी नियमात बसतं. तसंच एम८ ला ६.९, एम५ ला ४.३, एम४ ला ३.४, एम१० ला ८.६. ही सगळी मापं ६एच च्या आत आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. ५.० चं ड्रिल म्हणजे ५.० चं भोक नव्हे. ड्रिलच्या दोन धारा हाताने घासताना लहानमोठ्या झाल्या, तर भोक मोठं पडतंच. म्हणून आधी भंगार तुकड्यात भोक पाडून मोजा आणि मग ५.० की ५.१ ते ठरवा. ड्रिल आधीच मोठं कापत असेल आणि वर तुम्ही ५.१ घेतलं, तर मर्यादा ओलांडली जाईल.

दुसरं, तोंड. टॅप लावण्याआधी भोकाला काऊंटरसिंक मारा, म्हणजे तोंडाची कड उतरती करा, बोल्टच्या व्यासापेक्षा किंचित मोठं. एम८ ला साडेआठच्या आसपास पुरे. टॅप नीट बसतो आणि पहिला आटा वर उचलला जात नाही. नाहीतर वरून बसवलेली पट्टी त्या उठलेल्या कडेवर टेकते आणि सांधा कधीच सपाट बसत नाही.

तिसरं, सरळपणा. भोक पाडल्यावर जॉब वाइसमधून काढू नका. ड्रिल काढून त्याच चकमध्ये टॅप धरा. मशीनचा प्लग सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग चक हाताने फिरवत, वरून हलका दाब देत दोन-तीन आटे धरू द्या. त्यानंतर चक सोडा, टॅप हँडल लावा आणि उरलेलं हाताने करा. हे जमत नसेल तर दोन फेऱ्यांनंतर टॅपला गुण्या लावून पाहा. एकदा समोरून आणि एकदा बाजूने, म्हणजे नव्वद अंशांनी वळून. दुरुस्ती करायची ती तेव्हाच. चार आटे पडल्यावर हँडल वाकवून टॅप सरळ करायला गेलात तर तो तुटणार.

लेथ असेल तर टेलस्टॉकचा (लेथच्या मागच्या सरकत्या भागाचा) टोकदार सेंटर टॅपच्या मागच्या सेंटर होलमध्ये टेकवून मारणं उत्तम.

तेल, धातूंचे प्रकार, ब्लाइंड होल (आरपार नसलेलं भोक) यावर खाली बोलू. आपापला अनुभव लिहा.

---

गंगापूररोड

सुंदर विषय. वाचतोय.

---

टूलरूम_सातपूर

शेडवाले, ड्रिलच्या मापाबद्दल तुमच्याशी थोडा वाद आहे. पातळ पत्र्यात किंवा पट्टीत, जिथे तीन-चारच आटे लागणार, तिथे मी ५.० च धरतो. आटे मोजकेच असले की प्रत्येक आट्याची उंची कामाला येते. जाड जॉबमध्ये तुमचं म्हणणं मान्य. स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाइतकी खोली आट्यांना मिळाली की बोल्ट तुटेल, पण आटे जाणार नाहीत. बिडात (ओतीव लोखंडात) दीडपट धरा, अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट.

आता एक गोष्ट, जी बाजारात कोणी सांगत नाही. हँड टॅपचा तीनचा सेट दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात तिन्ही टॅपचा व्यास पूर्ण असतो, फरक फक्त पुढच्या उताराचा. पहिल्याला सात ते दहा आट्यांचा उतार, दुसऱ्याला तीन ते पाच, शेवटच्याला एक-दोन. या सेटमध्ये आरपार भोकाला पहिला टॅप पूर्ण पार केला की काम संपलं, दुसरा-तिसरा लावायची गरजच नाही.

दुसरा प्रकार सिरियल सेटचा. यात पहिला टॅप मुद्दाम बारीक असतो, दुसरा त्याहून थोडा मोठा, आणि पूर्ण माप फक्त तिसऱ्याला. ओळख सोपी आहे: शँकवर (टॅपच्या मागच्या गुळगुळीत दांड्यावर) एक रेघ असेल तो पहिला, दोन रेघा तो दुसरा, आणि रेघच नसलेला शेवटचा. हा सेट असेल तर तिन्ही क्रमाने मारावेच लागतात. नुसता पहिला मारून सोडला तर बोल्ट जाणार नाही आणि माणूस भोकाला दोष देत बसेल. थेट तिसऱ्याने सुरुवात केली तर सगळा माल एकट्या टॅपवर येतो. घरी आलेल्या पोरांना मी आधी शँक बघायला लावतो.

---

बागाईतदार_निफाड

शेडवाले, टूलरूम काका, नमस्कार. माझा धंदा शेतीचा, पण ब्लोअरची, म्हणजे द्राक्षबागेत फवारणी करायच्या यंत्राची, दुरुस्ती बरीचशी घरीच करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर एक दिवसही बंद ठेवून चालत नाही. माझ्या ब्लोअरच्या पंपाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि हेडच्या एका एम८ बोल्टचे आटे पूर्ण गेलेत. बोल्ट कसला की नुसता फिरतो. एम१० करून टाकू का? हेडचं भोकही मग मोठं करावं लागेल.

---

शेडवाला

दादा, एम१० करू नका. त्याला हेलिकॉइल म्हणजे तारेची इन्सर्ट हा जास्त चांगला उपाय आहे. हेडचं भोक, बोल्ट, पाना सगळं आधीचंच राहतं. एम८ साठी ८.३ चं ड्रिल मारायचं, मग इन्सर्टचा खास टॅप. तो नेहमीचा टॅप नव्हे. पिच १.२५ च असते, पण बाहेरचा व्यास साडेनऊच्या वर असतो. ड्रिल, टॅप, बसवायचा दांडा आणि इन्सर्ट असा सेट एकत्र मिळतो. तार स्टेनलेसची असल्यामुळे अ‍ॅल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा ती वारंवार खोलण्या-लावण्याला जास्त टिकते. ब्लोअरसारख्या यंत्राला तेच हवं.

अ‍ॅल्युमिनियममध्ये टॅप मारताना रॉकेल किंवा डिझेल चालतं. कोरडा मारू नका, अ‍ॅल्युमिनियम टॅपच्या धारेला चिकटतं आणि पुढचे आटे फाटतात. बोल्टच्या भोकाच्या कडेला भिंत किती जाड आहे ते मात्र आधी बघा.

---

मेक_तिसरंवर्ष

काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टच्या चौकटीला ३ मिमी जाडीची एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ ची पट्टी आहे आणि त्यात एम४ चे आटे हवेत. ३.३ चं ड्रिल घेतलं, पण टॅप मध्येच अडकतोय. एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) त्याच टॅपने काम अगदी छान झालं होतं. स्टेनलेसमध्ये असं का होतं?

---

टूलरूम_सातपूर

बेटा, ३०४ चा स्वभाव असा आहे, की कापला नाही, नुसता घासला, तर तो जागच्या जागी कडक होतो. ड्रिल बोथट असेल किंवा तू हलक्या हाताने चाचरत ड्रिल चालवत असशील, तर भोकाची आतली भिंत कडक होते आणि टॅप त्या कडक सालीत घुसायला बघतो. टॅप अडकतो त्याचं मूळ बहुतेक वेळा ड्रिलमध्ये सापडतं.

म्हणून ड्रिल नवं किंवा नीट धार लावलेलं, शक्यतो कोबाल्टचं घे. ३.४ मिमीच्या ड्रिलला मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे ठेव, त्याहून जास्त नको. दाब सलग दे. ड्रिल पुढे सरकत नसताना फिरत ठेवायचं नाही, एकतर कापायचं नाहीतर वर उचलायचं. सेंटर पंचही जोरात मारू नकोस, पंचाखालचा ठिपकासुद्धा कडक होतो.

माप ३.४ घे. वर मी पातळ पट्टीला लहान भोक म्हणालो ते एमएससाठी. स्टेनलेसमध्ये टॅप वाचवणं पहिलं. ३ मिमीत पिच ०.७ चे चार आटे मिळतात, तुझ्या चौकटीला पुरतील. टॅप कोबाल्ट एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा), स्पायरल पॉइंटचा घे. दुकानात त्याला गन टॅप म्हणतात. आणि तेल गंधकवालं, घट्ट, टॅपिंगसाठीचं. दुधाळ सोल्युबल ऑइलचा इथे उपयोग नाही.

---

सिन्नरचा_व्हीएमसी

टूलरूम काकांना अनुमोदन. मी मुसळगावला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) आहे, रोजचे शेकडो आटे मशीनवरच पडतात, त्यातून एक गोष्ट सांगतो. सगळीकडे लिहिलेलं असतं, की अर्धी फेरी पुढे आणि पाव फेरी मागे. ते सरळ गाळ्यांच्या (टॅपवरच्या उभ्या खाचांच्या) हँड टॅपसाठी बरोबर आहे, कारण त्यात कीस गाळ्यात साठतो आणि तो तोडावा लागतो. गन टॅप कीस पुढे ढकलतो, आरपार भोकातून खाली पाडतो. त्याला मध्येमध्ये मागे फिरवलं तर सलग निघणारा कीस तुटून धारेच्या मागे अडकतो. गन टॅप एकदा लागला की थेट पार न्यावा.

ब्लाइंड होलमध्ये मात्र गन टॅप घेऊ नये. कीस तळाशी दाबला जातो आणि टॅप तिथेच बसतो. तिथे स्पायरल फ्लूट, म्हणजे पिळाच्या गाळ्यांचा टॅप. तो कीस वर ओढून काढतो. दुकानदाराला नुसतं ‘मशीन टॅप’ म्हटलं तर तो जो हाताला लागेल तो देतो. भोक आरपार आहे की बंद, हे त्याला आधी सांगा.

तिसरा प्रकार फॉर्मिंग टॅप. त्याला गाळेच नसतात, तो माल कापत नाही, दाबून आटा उठवतो. कीस अजिबात नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि मऊ स्टीलमध्ये आटा मजबूत येतो. पण भोक मोठं लागतं, एम६ ला साडेपाचच्या जवळ. ५.० च्या भोकात तो घालायचा नाही. बिडात तर मुळीच नाही, बीड दबत नाही, फुटतं.

---

शेडवाला

@सिन्नरचा_व्हीएमसी, हे फार मोलाचं लिहिलंत. घरच्या शेडसाठी मी याच्यात एकच भर घालतो: एम५ ते एम८ च्या आरपार भोकांना गन टॅप आणि क्लच असलेलं बॅटरीचं ड्रिल ही जोडी चांगली चालते. पहिला गिअर, क्लच अगदी सैल ठेवून सुरुवात आणि मग एकेक घर वाढवायचं. एम४ आणि त्याखालचे टॅप मात्र हातानेच.

ब्लाइंड होलची खोली हा विषय राहिला होता. समजा एम८ चे १२ मिमी कामाचे आटे हवेत. पहिल्या टॅपचा उतार सात ते दहा आट्यांचा, म्हणजे ९ ते १२ मिमी निव्वळ उतारात जातात. शेवटच्या बॉटमिंग टॅपने तो भाग दोन-अडीच मिमीवर येतो. त्याशिवाय तळाशी कीस साठायला जागा हवी. म्हणून ड्रिल १६-१७ मिमी खोल जाऊ द्या, टोकाचा कोन सोडून. जागा असेल तर खोल भोक पाडायला कंजुषी करू नये. दर काही फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून भोक साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर चष्मा लावा आणि भोकावर कापड धरा. ब्लाइंड होलमधला कीस थेट तोंडाकडे उडतो.

---

नाशिकरोडकर

माझ्याकडे वडिलांच्या वेळचा लेथ आहे, त्याच्यावर अर्धे बोल्ट इंची आणि अर्धे मेट्रिक. अशा यंत्राला हात लावणाऱ्यांसाठी लिहितो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं प्रमाण मांडलं, त्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचं मांडलं, आणि आजचे मेट्रिक आटेही ६० अंशांचेच. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर व्हिटवर्थ, म्हणजे बीएसडब्ल्यू, भरपूर सापडतं.

फसवणारी जागा अशी: पाव इंची बीएसडब्ल्यू आणि पाव इंची यूएनसी (अमेरिकन, ६० अंशांचा आटा) दोन्हीला इंचाला २० आटे. बोल्ट जातो, पण कोन वेगळा असल्यामुळे बसतो ओढूनताणून. अर्ध्या इंचाला मात्र बीएसडब्ल्यूला १२ आणि यूएनसीला १३, तिथे दोन फेऱ्यांतच अडकतो. अशा वेळी पाना लावून जोर करायचा नाही. पिच गेज लावा. ५५ आणि ६० दोन्ही कोनांची पानं असलेला गेज घ्या, स्वस्त असतो आणि जन्मभर पुरतो.

मळेवाल्यांसाठी अजून एक. ड्रिपच्या आणि पाण्याच्या फिटिंगला बीएसपी आटे असतात, तेही ५५ अंशांचे. अर्धा इंच बीएसपी म्हणजे इंचाला १४ आटे आणि बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिमी. तो अर्धा इंच पाइपच्या आतल्या पोकळीवरून ठरलेला आहे, बोल्टचा अर्धा इंच नव्हे. कॅलिपरने मोजून टॅप आणायला निघालात तर चुकीचा टॅप घरी येईल.

---

भद्रकाली_पितळ

नाशिकरोडकरांनी जुन्या आट्यांचा विषय काढला म्हणून विचारतो. घरातली आजीच्या वेळची पितळी समई आहे. तिचे भाग आट्यांनी एकमेकांत बसतात. मधल्या दांड्याचे आटे झिजलेत आणि समई कलते. पिच गेजचं एकही पान बसत नाही. लेथवाल्याने ‘वेल्डिंग करून टाका’ सांगितलं, पण मग ती कधीच खोलून घासता येणार नाही. मला ती खोलता येणारीच हवी आहे.

---

नाशिकरोडकर

वेल्डिंग अजिबात करू नका, दादा. जुन्या समयांचे आटे त्या-त्या कारागिराने आपल्या हत्याराने पाडलेले असतात, त्यामुळे गेजवर बसले नाहीत तरी नवल नाही. दोन मार्ग आहेत. पहिला, लेथवर सिंगल पॉइंट टूलने जुन्या पिचच्या जवळात जवळच्या पिचचे आटे दांड्यावर आणि बैठकीत पुन्हा कापायचे, पण त्यासाठी माल शिल्लक हवा. दुसरा मला जास्त पसंत आहे: बैठकीतलं झिजलेलं भोक बोर करून त्यात पितळेची बुश बसवायची आणि बुशमध्ये नवे आटे पाडायचे. दांड्याच्या झिजलेल्या टोकाला भोक पाडून नवा पितळी स्टड आत बसवायचा. बाहेरून समई जशीच्या तशी दिसेल.

पितळेत टॅप कोरडाच चालतो. ड्रिलच्या धारेचा पुढचा कोन मात्र तेलदगडाने किंचित मारून घ्या, नाहीतर ड्रिल पितळेत एकदम ओढलं जातं आणि जॉब हातातून फिरतो. गंधकवालं तेल पितळेला लावू नका, काळे डाग पडतात.

---

टूलरूम_सातपूर

बुशचा सल्ला अगदी योग्य. बुश लॉकटाइटसारख्या चिकटद्रव्याने बसवा. दिव्याची ऊब दांड्यापर्यंत फारशी येत नाही, ते धरून राहील.

बिडाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बिडात टॅप कोरडा मारा. तेल घातलं की बिडाची भुकटी आणि तेल मिळून घासणारा लगदा होतो आणि टॅपची धार जाते. कास्टिंगची वरची साल कडक असते, तिच्यात वाळूही असते. ती आधी कानसने नाहीतर ग्राइंडरने काढा, मगच सेंटर पंच.

---

मेक_तिसरंवर्ष

काका, कोबाल्ट ड्रिल ३.४ आणि गन टॅप आणला, तेल टॅपिंगचंच. पहिलीच भोकं सलग पार झाली, कीस खालून लांब पिळासारखा पडला. खूप खूप धन्यवाद! पण आधीचा एक टॅप तुटून दुसऱ्या एका तुकड्यात अडकलेला आहे. तो तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि त्यावर मिलिंगचं बरंच काम झालंय, टाकून देववत नाही. एम४ चा टॅप, भोकाच्या तोंडापासून खाली तुटलाय.

---

टूलरूम_सातपूर

बेटा, अ‍ॅल्युमिनियम आहे हे तुझं नशीब. त्यात टॅप एक्स्ट्रॅक्टर घालू नकोस, एम४ ला त्याची बोटं फार नाजूक असतात, तीही तुटून आत राहतील. पंचने ठोकूही नकोस.

तुरटी आण. किराणा दुकानातली साधी तुरटी कुटून गरम पाण्यात जितकी विरघळेल तितकी विरघळव. भांडं काचेचं घे, लोखंडाचं नको. तुकडा त्यात पूर्ण बुडव आणि द्रावण गरम ठेव, उकळतं नको. तुरटीचं पाणी पोलादाला खातं, अ‍ॅल्युमिनियमला फारसा हात लावत नाही. टॅपवर बारीक बुडबुडे दिसायला लागतील आणि तो काळ्या गाळासारखा सुटत जाईल. वेळ लागतो, एचएसएसला जास्तच. मधूनमधून गाळ सुईने काढ आणि पाणी बदल. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे बंद खोलीत करू नकोस आणि जवळ ज्योत नको. तुकड्यात पोलादाची पिन किंवा बेअरिंग बसवलेलं असेल तर आधी काढ, नाहीतर तेही जाईल. पितळेच्या जॉबलाही हीच युक्ती चालते. एमएस आणि बिडाला नाही, तिथे जॉबच विरघळेल.

घाई असेल तर अंबडला स्पार्क इरोजनचं जॉबवर्क करणारे आहेत. बारीक इलेक्ट्रोडने टॅपचा गाभा जाळून काढतात, उरलेल्या फाकी सुईने निघतात आणि भोकाच्या आट्यांना धक्का लागत नाही. महागड्या जॉबसाठी तो खर्च करावा.

---

सिन्नरचा_व्हीएमसी

मोठा टॅप एमएसमध्ये, तोंडाबरोबर तुटला असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. थंड झाला की नटला पाना लावून मागे फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच टॅप थोडा सैल होतो. एम१० च्या खाली मात्र हा उपाय जमायला कठीण.

---

गंगापूररोड

सगळी चर्चा वाचली. टॅप कुठले घ्यावेत यावर कोणी बोलेल का? मला एम३ ते एम१० असा संच करायचा आहे.

---

शेडवाला

एकदम मोठ्या पेटीचा सेट घेऊ नका. स्वस्त पेटीतले टॅप बऱ्याचदा कार्बन स्टीलचे असतात, ते ठिसूळ असतात आणि धार लवकर जाते. त्यातली अर्धी मापं तुम्हाला आयुष्यात लागणारही नाहीत. लागतील तशी मापं सुटी घ्या, एचएसएस ग्राउंड लिहिलेली. अ‍ॅडिसन, टोटेम, नागपूरची एमके, यांतले कुठलेही चालतील. घरात सगळ्यात जास्त लागतात एम५, एम६ आणि एम८. या तिन्हींचे हँड टॅप आणि एकेक गन टॅप घेतलात तरी वर्षभराचं बरंचसं काम निघेल. प्रत्येक टॅपबरोबर त्याची ड्रिलची दोन मापं घ्या, नेहमीचं आणि दशांशाने मोठं. टॅप आणि त्याची ड्रिल एकाच डबीत ठेवा.

टॅप हँडलचं मापही बघा. एम४ ला फूटभराचं हँडल लावलं तर हाताला टॅपचा पीळ कळतच नाही. छोट्या टॅपला टी-हँडल हवं. टॅप कापतोय तोवर जोर एकसारखा लागतो. तो स्प्रिंगसारखा मागे येऊ लागला की थांबायचं, कारण तेव्हा टॅप कापत नसतो, पिळला जात असतो.

आपल्याकडे पावसाळ्यात उघडे टॅप गंजतात आणि गंजलेली धार कापत नाही. तेलाचा हात फिरवून एकेक टॅप कागदात गुंडाळा. एका डब्यात सगळे सुटे टाकले की धारा एकमेकींवर आपटून बारीक टवके उडतात.

---

बागाईतदार_निफाड

शेडवाले, हेलिकॉइलचा एम८ चा सेट आणला. त्यात १२ मिमी लांबीच्या इन्सर्ट आहेत. पंपाच्या बॉडीतलं भोक मोजलं, १४ मिमी खोल आहे आणि बंद आहे. कडेची भिंत चांगली जाड आहे. सुरू करू का?

---

शेडवाला

थांबा दादा, १४ मध्ये १२ ची इन्सर्ट जेमतेमसुद्धा बसणार नाही. इन्सर्टचं वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली राहिलं पाहिजे, नाहीतर हेड दाबलं की ते बाहेर येतं. म्हणजे साडेबारा मिमी पूर्ण आटे हवेत, आणि इन्सर्टच्या बॉटमिंग टॅपचा उतार अडीच मिमीच्या आसपास. झाले १५.

भोकाच्या तळाखाली पंपाची पोकळी किती अंतरावर आहे ते आधी आतल्या बाजूने मोजून काढा. तळाला चांगला माल असेल तर ८.३ चं ड्रिल १७ मिमीपर्यंत जाऊ द्या. ड्रिलवर त्या मापाला कॉलर लावा, चिकटपट्टीवर विसंबू नका, ती सरकते. माल नसेल तर ८ मिमी लांबीची इन्सर्ट सुटी मिळते, ती घ्या. पण अ‍ॅल्युमिनियममध्ये ती लांब इन्सर्टइतकी धरणार नाही, तेव्हा त्या बोल्टला कसताना बाकीच्यांपेक्षा हात हलका ठेवा.

---

टूलरूम_सातपूर

आणि दादा, इन्सर्ट बसली की तळाची आडवी जीभ पंचने टकटक करून तोडा आणि तो तुकडा चिमट्याने बाहेर काढा. बंद भोकात तो राहिला तर बोल्ट तळाला टेकेल आणि हेड दबणार नाही. बोल्टची लांबीही पुन्हा तपासा, जुना बोल्ट नव्या खोलीला पुरतो का ते रिकाम्या भोकात घालून बघा.

---

बागाईतदार_निफाड

समजलं काका. उद्या बॉडी खोलून आतून मोजतो आणि आकडा इथेच टाकतो, मगच ड्रिल लावतो.